फलक, वही आणि शोधयंत्र : नाशिकच्या लहान व्यापाराच्या नोंदीचा इतिहास

लहान व्यापाऱ्याचे संकेतस्थळ गूगलसारख्या शोधयंत्राच्या यादीत वरच्या जागी कसे यावे, हा प्रश्न आज बहुधा तंत्रज्ञांच्या हाती सोपविला जातो. 'एसईओ' या आद्याक्षरी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्येची पुस्तके आहेत, शिकवणीवर्ग आहेत, आणि तिच्यावर उपजीविका करणारी मंडळीही गावोगाव आहेत. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे वळावे असे तीत काही असेल, ही गोष्ट मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. वस्तुतः प्रश्न जुना आहे. ज्याला माल हवा आहे तो आणि ज्याच्यापाशी माल आहे तो, हे दोघे परस्परांस अपरिचित असले म्हणजे त्यांच्यामध्ये एक नोंद उभी राहते. ती नोंद कोणी ठेवावयाची, कोणत्या नावाखाली ठेवावयाची आणि तिच्या खरेपणाला साक्ष कोणाची, या तीन गोष्टींवर व्यापाऱ्याचे सापडणे किंवा न सापडणे अवलंबून असते. या तिन्ही गोष्टींत कसकसे फेरफार होत गेले हे दीर्घ काळावर पाहता यावे असे नाशिक हे एक गाव आहे. शोधयंत्रापुढे तेथील लहान व्यापाऱ्यास जी अडचण आज पडते, ती मुख्यतः स्वतःच्या नोंदीवर त्याचा स्वतःचा ताबा किती, याची अडचण आहे; आणि ती त्या दृष्टीने पाहिल्याशिवाय तिच्यावर सुचविले जाणारे उपायही नीट उमगत नाहीत.

त्रिरश्मी डोंगरावरील, लोकांत पांडवलेणी म्हणून प्रसिद्ध असलेल्या लेण्यांपैकी दहाव्या लेण्यात क्षहरात नहपानाचा जावई उषवदात याचा एक दानलेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील हा लेख अर्थव्यवहाराच्या इतिहासात नेहमी उद्धृत होतो. उषवदाताने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३००० कार्षापणांची कायम ठेव ठेविली. एकीकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक या व्याजाने, दुसरीकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण या व्याजाने. पहिल्या ठेवीच्या वार्षिक २४० कार्षापण व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यावयाचे होते. व्याजाच्या हिशेबाकडे अभ्यासकांचे लक्ष साहजिकच जाते. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे. हा सर्व व्यवहार निगमसभेत जाहीर करण्यात आला आणि रिवाजाप्रमाणे फलकावर लिहून ठेवण्यात आला, असे लेख सांगतो. म्हणजे विणकरांच्या श्रेणीची पत ही गावाच्या सभेपुढे वाचून दाखविलेली आणि सर्वांस वाचता येईल अशी लिहिलेली गोष्ट होती. अशा फलकावर एकट्या विणकराचे नाव येण्याचे कारण नव्हते. नाव श्रेणीचे असे, आणि तिच्या पतीत त्याची पत सामावलेली असे. अभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या दुसऱ्या एका लेखात तेली व जलयंत्रे करणारे यांच्या श्रेणींचा असाच उल्लेख येतो.

नंतरच्या शतकांत नाशिकला ज्या नोंदीने खऱ्या अर्थाने नाव दिले ती तीर्थोपाध्यायांची वही होय. रामकुंडावर स्नान, क्षौर, श्राद्ध, अस्थिविसर्जन यांसाठी येणाऱ्या यात्रेकरूस पहिला प्रश्न विचारला जाई तो त्याच्या मूळ गावाचा. मग आडनाव, मग ज्ञात. या तीन उत्तरांवरून त्याचा उपाध्याय ठरत असे. उपाध्यायाच्या घरी लांबट, लाल कापडात बांधलेली बाडे असत. त्यांत गावाच्या नावाखाली कुळे व कुळाखाली माणसे लिहिलेली असत. कोण आला, कोणत्या कारणाने आला, सोबत कोण होते, बाप-आज्याचे नाव काय, भाऊ किती, मुले किती, आणि शेवटी यजमानाची स्वहस्ते सही. लिहिता न येणाऱ्याची नोंद उपाध्याय करी. पुढच्या पिढीतला माणूस आला की बाड उलगडून त्याच्या पणज्याचे अक्षर त्याला दाखवावयाचे, एवढ्याने हक्काचा वाद बहुधा संपत असे.

सूचीशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही वही फार विचारपूर्वक रचलेली दिसते. यात्रेकरू स्वतःविषयी जे निश्चित सांगू शकतो, तेच तिचे शीर्षक असते. नोकरीधंद्यानिमित्त माणूस कोठेही गेलेला असो, मूळ गावाचे नाव त्याला आठवत असते. म्हणून इंदूरला स्थायिक झालेले कोकणातले घराणेही आपल्या कोकणातल्या गावाखालीच सापडते. नोंद विचारणाऱ्याच्या शब्दांत लावलेली आहे, देणाऱ्याच्या शब्दांत नव्हे, हे तिचे मर्म आहे. शिवाय वही ही उपाध्यायाच्या मालकीची वस्तू होती. ती वारसाने वाटली जाई, यजमानवृत्तीवरून भाऊबंदांत दावे चालत, आणि न्यायालये तिला मालमत्ता मानीत. हीच व्यवस्था ज्यांचा तीर्थावरील अधिकार मान्य होता त्यांच्यापुरती होती, ही गोष्टही विसरता येत नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्या गावात सुरू झाला, त्या गावच्या वह्यांत कोणत्या वस्तीची नावे नसतील हे वेगळे सांगावयास नको. सूची कितीही चांगली असली तरी ती ज्यांस मोजावयाचे तिने ठरविले आहे, त्यांनाच मोजते.

आगगाडी आल्यावर या व्यवस्थेवर पहिला ताण पडला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८६० नंतरच्या दशकात नाशिकवरून पुढे गेला, आणि १८६५ मध्ये थळ घाटातील काम पुरे होऊन मुंबईशी तो सलग जोडला गेला. स्टेशन मात्र जुन्या गावापासून आठ-नऊ किलोमीटर दूर राहिले. तेव्हा यात्रेकरूस घाटावर गाठण्याऐवजी स्टेशनावरच गाठावे, अशी चढाओढ उपाध्यायांच्या माणसांत सुरू झाली. यादीतील पहिल्या जागेचे जे महत्त्व आज सांगितले जाते, त्याचे हे पूर्वरूप म्हणावयास हरकत नाही. तथापि स्टेशनावर प्रथम भेटणारा माणूस आणि वही असणारा माणूस यांत भांडण झाले तर अखेर वही जिंकत असे. पणज्याचे अक्षर ही साक्ष पैशाने विकत घेता येत नव्हती.

तांबट, सराफ, कापडवाला यांच्यापाशी अशी वही नव्हती. त्यांची नोंद म्हणजे त्यांची आळी. तांबट आळी, भांडी बाजार, सराफ बाजार ही नावे हीच त्यांची सूची होती; तांब्याची घागर हवी असलेल्या माणसास दुकानदाराचे नाव ठाऊक असण्याची गरज नव्हती, आळीचे नाव पुरे होते. आळीत दुकान असणे म्हणजे यादीत असणे, आणि आळीच्या तोंडाशी दुकान असणे म्हणजे यादीत वर असणे. १८८३ साली जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या नाशिकवरील सोळाव्या खंडाने येथील तांब्यापितळेच्या कामाची दखल घेतली, परंतु ती धंदा व जात या नावाने. दुकानाच्या नावाने नव्हे. सरकारी नोंदीत एकटा दुकानदार अदृश्यच राहिला. पुढे पाट्या आल्या, छापील हस्तपत्रके आली, 'गावकरी' आणि 'देशदूत' यांसारख्या स्थानिक वृत्तपत्रांतील जाहिराती आल्या. त्यांचा इतिहास स्वतंत्र आहे.

दूरध्वनीच्या सूचीने मात्र एक नवा प्रश्न उपस्थित केला. धंदेवार लावलेल्या पिवळ्या पानांची सूची काढण्याचा अधिकार कोणाचा, यावरून मुंबईत महानगर टेलिफोन निगम आणि टाटा प्रेस यांच्यात वाद झाला व तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑगस्ट १९९५ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, व्यापारी जाहिरात ही घटनेच्या एकोणिसाव्या कलमात दिलेल्या भाषणस्वातंत्र्याचा भाग आहे. ग्राहकालाही ती माहिती मिळविण्याचा हक्क आहे. आणि दूरध्वनी खात्याची अधिकृत सूची सोडून धंद्यांची अशी सूची इतरांनाही काढता येईल. योगायोग असा की त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने मुंबईसह काही महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढील वर्षी, १९९६ मध्ये, 'जस्ट डायल'ची दूरध्वनीवरून धंद्यांची माहिती सांगणारी सेवा निघाली. सूची काढण्याची मोकळीक आणि सूचीचे नवे माध्यम ही दोन्ही भारतीय व्यापाऱ्यास अशी जवळजवळ एकाच वेळी लाभली. तिसरी गोष्ट, म्हणजे स्वतःच्या नोंदीवरील ताबा, त्यांच्याबरोबर आली नाही.

शोधयंत्राची रचना येथे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. यंत्र दुव्यांच्या आधाराने पृष्ठामागून पृष्ठ वाचीत जाते आणि प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पृष्ठांवर आला आहे याची यादी करते. ग्रंथाच्या शेवटी असणाऱ्या शब्दसूचीसारखीच ही उलटी सूची असते. एखादा शब्द एखाद्या पृष्ठावर किती वेळा येतो आणि एकंदर संग्रहात तो किती दुर्मिळ आहे, यांवरून त्याचे वजन ठरविण्याची कल्पना हान्स पीटर लून (१९५७) व कॅरन स्पार्क जोन्स (१९७२) यांच्या ग्रंथालयशास्त्रीय संशोधनातून आली. १९९० नंतरची प्रारंभीची शोधयंत्रे प्रामुख्याने या शब्दगणनेवर चालत. तिचा दोष उघड होता. नोंद व्यापाऱ्याच्या स्वतःच्याच शब्दांवर आधारलेली असल्याने, जो तोच शब्द पन्नास वेळा लिहील तो वर येई. पृष्ठाच्या पोटात वाचकास न दिसणारे शब्द भरणे, पार्श्वभूमीच्याच रंगात अक्षरे लिहिणे, हे प्रकार याच काळातले.

१९९८ मध्ये स्टॅनफर्डचे सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी त्यावर जो उपाय सुचविला तो विद्यापीठीय वाचकांस परिचित अशा प्रथेतून घेतलेला होता. यूजीन गारफील्ड यांनी १९६० नंतरच्या दशकात शास्त्रीय निबंधांच्या उद्धरणांची सूची छापावयास प्रारंभ केला. ज्या निबंधाचा हवाला इतर पुष्कळ निबंध देतात तो वजनदार, हे तिचे तत्त्व. पृष्ठास दिलेला दुवा म्हणजे त्याचा हवाला असे मानून, आणि वजनदार पृष्ठाने दिलेल्या हवाल्यास अधिक किंमत देऊन, ब्रिन व पेज यांनी पृष्ठांची प्रतवारी लावली. याचा अर्थ इतकाच की साक्षीचा प्रश्न पुन्हा मध्यभागी आला. स्वतःविषयी स्वतः काय सांगितले यापेक्षा दुसऱ्याने काय सांगितले याला मोल आले. त्याच वर्षीच्या निबंधात या दोघांनी जाहिरातीवर चालणारे शोधयंत्र जाहिरातदाराकडे झुकेल, अशी भीती व्यक्त केली होती. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने शोधफलांशेजारी जाहिराती विकण्याची योजना सुरू केली, ही इतिहासाची गंमत म्हणावयाची.

साक्ष मोलाची ठरताच ती विकली जाऊ लागली. दुवे विकणारी संकेतस्थळे निघाली. एकमेकांस हवाले देणारी खोटी जाळी विणली गेली. कंपनीने नोव्हेंबर २००३ मधील 'फ्लोरिडा', फेब्रुवारी २०११ मधील 'पांडा' आणि एप्रिल २०१२ मधील 'पेंग्विन' या बदलांनी अनुक्रमे शब्दांची भरताड, उथळ मजकूर व विकतचे दुवे यांची किंमत उतरविली. या प्रत्येक बदलात नाशिकसारख्या गावच्या ज्या दुकानदाराने कोणा मध्यस्थास पैसे देऊन 'पहिल्या पानावर' आणण्याचे आश्वासन घेतले होते, त्याचे नुकसान झाले. आपल्या संकेतस्थळासाठी काय केले गेले हे त्याला बहुधा ठाऊकच नव्हते. उपाध्यायाच्या वहीत खोटी नोंद घातली तर ती घालणारा कोण हे गावास कळत असे. येथे नोंद ठेवणारा कॅलिफोर्नियात, मध्यस्थ दुसऱ्या शहरात, आणि दंड भरणारा मेनरोडवर.

मराठी भाषेच्या बाबतीत याहूनही मूलभूत अडथळा होता, आणि त्याचा इतिहास अजून पुरेसा लिहिला गेलेला नाही. २००५ च्या सुमारापर्यंतच्या मराठी संकेतस्थळांपैकी पुष्कळ संकेतस्थळे खासगी टंकांत छापलेली असत. या टंकांची युक्ती साधी होती: संगणकाच्या पोटी रोमन अक्षरांचे जे क्रमांक होते, त्यांवरच देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. तो टंक ज्याच्या संगणकावर आहे त्याला 'पैठणी' दिसे; यंत्राला मात्र रोमन अक्षरांचा निरर्थक पुंजका दिसे व त्याच नावाने तो सूचीत जाई. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये भारतीय लिप्यांचे प्रमाणित संकेत ठरविले होते. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ मधलीच. परंतु टंकविक्रेत्यांच्या परस्परविरोधी पद्धती, डीटीपीची रूढ झालेली सवय आणि संगणकांची जुनी पिढी यांमुळे व्यवहारात युनिकोड येण्यास दीड दशक गेले. या काळात जे मराठीत लिहिले गेले ते शोधाच्या दृष्टीने लिहिले गेलेच नाही असे म्हटले तरी चालेल. दुकानाची पाटी, भावपत्रक, पत्ता हे सर्व चित्र म्हणून लावण्याची प्रथा तर त्यानंतरही टिकली. चित्रातील अक्षरे तेव्हाच्या यंत्रास वाचता येत नव्हती. परिणाम असा झाला की नाशिकच्या व्यापाऱ्याने इंग्रजीचा आश्रय केला. त्याचा ग्राहक मराठीत विचार करीत होता. त्याची नोंद इंग्रजीत लागली होती.

इंग्रजीतही नावाची अडचण होतीच. गॅझेटियरने व रेल्वेने रूढ केलेल्या रोमन स्पेलिंगात 'एच' हे अक्षर नव्हते; आजच्या स्पेलिंगात ते आहे. मराठीतही 'नासिक' व 'नाशिक' ही दोन्ही रूपे छापली गेली आहेत. त्र्यंबकेश्वराचे रोमन लेखन तर किती प्रकारांनी होते याची गणती कठीण आहे. त्यात मराठीच्या विभक्तीची भर. माणूस 'नाशिक' शोधतो, परंतु लिहिणारा 'नाशकात' असे लिहितो. शोधणारा 'येवला' म्हणतो, लिहिणारा 'येवल्याची पैठणी' म्हणतो. सामान्यरूपाने मूळ शब्दच बदलत असल्यामुळे अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या यंत्रास ही दोन वेगळी गावे वाटत. भाषेचा संदर्भ पाहून अर्थ लावणारी पद्धत गूगलने ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रथम इंग्रजीसाठी आणि डिसेंबर २०१९ पर्यंत सत्तरांवर भाषांसाठी वापरात आणली. तोपर्यंत ज्या व्यापाऱ्याने आपल्या पृष्ठावर गावाचे नाव मूळ रूपात, जुन्या व नव्या लेखनासह, साध्या वाक्यांत लिहिले होते त्याला त्याचा लाभ झाला. हा उपाय कोणत्याही मध्यस्थाने विकावा इतका गूढ नव्हता. विचारणारा जे म्हणेल तेच शीर्षक करावे, हे तर वहीचेच तत्त्व.

दुसरा मोठा फेरफार स्थळाच्या नोंदीचा. गूगलचा नकाशा २००५ मध्ये आला. २००८ पासून नागरिकांना नकाशात रस्ते व स्थळे स्वतः भरता येतील अशी सोय भारतात झाली; गैरवापरामुळे ती २०१५ मध्ये काही काळ थांबली व २०१७ मध्ये बंद करण्यात आली. व्यापाऱ्यास आपल्या दुकानाची नोंद स्वतः 'आपली' म्हणून घेता येऊ लागली. नोव्हेंबर २०२१ पासून तिला 'बिझनेस प्रोफाइल' हे नाव आहे. रविवार कारंजा, दहीपूल, भद्रकाली या भागांतील दुकानांना याचा विशेष अर्थ आहे. तेथील पत्ते वाड्यांच्या, देवळांच्या आणि जुन्या दुकानांच्या खुणांनी सांगितले जातात. 'अमक्याच्या समोर, तमक्याच्या बोळात' या भाषेचा आणि अक्षांश-रेखांशाचा मेळ घालण्याचे काम दुकानदारासच करावे लागले. ज्याने दुकानाचे नाव, पत्ता, वेळ व दूरध्वनी क्रमांक सर्व ठिकाणी अगदी एकसारखे लिहिले त्याचे दुकान यंत्रास एक वाटले. ज्याने ते तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिले त्याची तीन अर्धवट दुकाने झाली. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाल्यावर भर रस्त्यात उभा राहून 'जवळचे' दुकान विचारणारा ग्राहक वाढला, आणि संकेतस्थळ नसलेले पण नकाशावर नीट नोंदलेले दुकान हे संकेतस्थळ असलेल्या दुकानाच्या पुढे जाऊ लागले. आळीचे महत्त्व अशा रीतीने नव्या स्वरूपात परत आले.

या साऱ्या फेरफारांचे चित्र एकत्र पाहावयाचे असेल तर त्र्यंबकेश्वराकडे वळले पाहिजे. तेथील पुरोहितवर्ग हा शोधयंत्राचा महाराष्ट्रातील अत्यंत चतुर वापर करणाऱ्या लहान व्यावसायिकांपैकी आहे, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही. नारायण-नागबळी, त्रिपिंडी श्राद्ध आणि अलीकडील काही दशकांत लोकप्रिय झालेली काळसर्पशांती यांच्या नावाने हिंदी, इंग्रजी, मराठी अशा अनेक भाषांतून पृष्ठेच्या पृष्ठे लिहिली गेली आहेत. त्यांत विधीचा हेतू, लागणारे दिवस, मुहूर्त, दक्षिणा, स्टेशनापासूनचा मार्ग, राहण्याची सोय अशी सर्व माहिती असते. शोधणारा जे जे विचारील ते ते उत्तर आधीच लिहून ठेवलेले. मात्र येथे यात्रेकरूचे गाव विचारले जात नाही. दक्षिणेतील किंवा उत्तरेतील जो माणूस प्रथमच येत आहे, ज्याच्या घराण्याची नोंद येथील कोणत्याच बाडात नाही, त्याच्यासाठी ही पृष्ठे आहेत. त्यांचे शीर्षक विधी हे आहे. वही माणसाला ओळखत होती, पृष्ठ त्याच्या गरजेला ओळखते. आणि पणज्याच्या अक्षराची साक्ष येथे उपयोगाची नसल्यामुळे तिची जागा दुसऱ्या साक्षींनी घेतली आहे. अनेक पृष्ठे पेशवेकालीन ताम्रपटाचा हवाला देतात. आपणच अधिकृत, असे प्रत्येक जण सांगतो. आणि खाली ग्राहकांनी दिलेले तारे असतात. ताम्रपट हा राजाने दिलेला, तारा हा अनोळखी माणसाने दिलेला. यंत्र ताम्रपट वाचीत नाही. ताऱ्यांची बेरीज त्याला करता येते.

येवल्याच्या पैठणीची स्थिती याच्या उलट आहे, आणि अधिक चिंतेची. पैठणीला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण २०१० च्या सुमारास मिळाले. १९९९ च्या कायद्यानुसार चेन्नई येथे ठेवल्या जाणाऱ्या या नोंदवहीत मालाचे नाव, त्याचा प्रदेश, विणण्याची पद्धत व अधिकृत वापरकर्ते यांची नोंद होते. उषवदाताच्या काळच्या श्रेणीशी तिचे नाते सहज जुळते, कारण नाव एकट्या विणकराचे नसून समूहाचे आहे. परंतु शोधयंत्राची सूची वेगळी आणि चेन्नईची वेगळी. यंत्रमागावर अन्यत्र विणलेली साडी 'पैठणी' या शब्दाखाली विकावयास ठेवली, तिची शेकडो छायाचित्रे लावली, जाहिरातीला पैसा ओतला, की हातमागावर महिनोन्‌महिने विणलेल्या साडीच्या वर ती दिसते. कायद्याची नोंद न्यायालयात चालते. यादीतील क्रमाला ती लागू नाही. येवल्याच्या लहान विक्रेत्यास येथे एकच खरा मार्ग उरतो आणि तो साक्षीचा आहे. हातमागाचे चित्र, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी नक्षी, जरीची प्रत, विणण्यास लागलेला काळ, नोंदीचा क्रमांक यांविषयी स्वतःच्या पृष्ठावर विणकरच लिहू शकेल असे लिहावयाचे, आणि ज्यांच्या शब्दाला स्वतंत्र वजन आहे अशा संस्था, संग्रहालये, वृत्तपत्रे, विद्यापीठांचे विभाग यांच्या पृष्ठांवरून त्याचा हवाला मिळवावयाचा. महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या पृष्ठांवर स्थानिक कारागिरांचे असे हवाले किती सापडतात, हे या निमित्ताने त्या त्या विभागाने पाहावे.

नोंद ठेवणाऱ्याच्या निःपक्षपातीपणाचा प्रश्न भारतात एकदा अधिकृतपणे विचारला गेला. २०१२ मध्ये आलेल्या तक्रारींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि ८ फेब्रुवारी २०१८ रोजी शोधफलांत पक्षपात केल्याबद्दल गूगलला १३५.८६ कोटी रुपये दंड ठोठावला. तक्रारदार मोठे होते. लग्न जुळविणारी कंपनी आणि ग्राहकांची संघटना. भांडी बाजारातील दुकानदारास आपली नोंद खाली का गेली हे विचारण्याची जागा त्या निकालानेही निर्माण झाली नाही.

ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधफलांच्या वर यंत्राने स्वतः रचलेले उत्तर येऊ लागले आहे. 'नाशिकला तांब्याची भांडी कोठे घ्यावीत' याचे उत्तर चार ओळींत तेथेच मिळते. ज्या पृष्ठांवरून ते रचले ती उघडण्याचे कारण पुष्कळांना उरत नाही. व्यापाऱ्याचे शब्द वापरले जातात, व्यापारी दिसेलच असे नाही. दुकानाविषयीचे अभिप्राय, तारे, छायाचित्रे ही कंपनीच्या सूचीत साठलेली असतात. दुकानदाराने ती सूची सोडली तर ती त्याच्याबरोबर जात नाहीत, आणि भाऊ वेगळे झाले तर त्यांची वाटणीही होत नाही. रामकुंडाजवळच्या घरांत बाडे मात्र अजून आहेत. यात्रेकरू आता फोनवरून उपाध्यायाचा क्रमांक शोधून येतो, आणि विधी आटोपल्यावर त्याचे नाव, गाव व सही शाईने त्याच बाडात घेतली जाते.